इंजिन ऑइल न सांडता क्लच कव्हर बदलायचं असेल तर

मृगाचा पाऊस लागला की रत्नागिरीतल्या गॅरेजांपुढे उजव्या अंगावर पडलेल्या गाड्या यायला लागतात. वेगात पडलेल्या त्यात थोड्याच. बहुतेक पडतात त्या चालण्याच्या वेगाने: जांभ्याच्या पाखाडीवर धरलेल्या शेवाळावरून, डोंगरातून वाहून आलेल्या तांबड्या चिखलावरून, नाहीतर महामार्गाच्या कामापायी पसरलेल्या खडीवरून. आंबा घाट सुखरूप उतरून आलेला गडी घराच्या बेड्यात वळताना गाडी पाडतो. कोपर खरचटतं, आरसा फुटतो आणि मागच्या ब्रेकचं पॅडल आत वाकून थेट क्लचच्या कव्हरावर आपटतं. कव्हर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, ओतीव. ते वाकत नाही, चिरतं. दुसऱ्या दिवशी स्टँडखाली काळा डाग दिसतो.

कव्हर उघडावं लागण्याची कारणं आणखीही आहेत. किकच्या शाफ्टचं ऑइल सील झिजलं, पॅकिंगमधून ऑइल पाझरतंय, क्लच प्लेटा बदलायच्या आहेत, बोल्टचे आटे गेले आहेत. अशा प्रत्येक वेळी सर्वसाधारण रीत ठरलेली असते: खालचा नट सोडायचा, सगळं ऑइल काढायचं, काम करायचं आणि नवीन भरायचं. ऑइल बदलायची वेळ झालीच असेल तर ही रीत उत्तम आणि पुढचा खटाटोप करायची गरज नाही. पण ऑइल गेल्याच आठवड्यात बदललेलं असेल तर ते टाकून देणं जिवावर येतं. काढून स्वच्छ भांड्यात ठेवू आणि परत ओतू म्हणावं, तर आपल्याकडच्या पावसाळी हवेत, अंगणात, उघड्या भांड्यात ते कितपत स्वच्छ राहील हा प्रश्नच आहे.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. गाडी कव्हरच्या विरुद्ध बाजूला आडवी करायची. बहुतेक चार-स्ट्रोक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल असतं आणि ते इंजिनाच्या तळाशी साठतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ते साधारण लिटरभर असतं. स्प्लेंडर, शाइन, पल्सर अशा आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांचा क्लच उजव्या हाताला असतो. गाडी डावीकडे आडवी केली की ऑइल मॅग्नेटच्या बाजूला जातं, क्लचचं कव्हर वर येतं आणि उघडलं तरी ऑइल सांडत नाही.

सगळ्याच गाड्यांना हे लागू नाही, म्हणून आधी आपल्या गाडीचा क्लच कुठे आहे ते पाहून घ्या. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये तो डावीकडच्या वेगळ्या पेटीत असतो आणि त्या पेटीचं ऑइल इंजिनाच्या ऑइलपेक्षा निराळं आणि थोडं असतं. तिथे गाडी आडवी करण्यापेक्षा खाली परात ठेवून तेवढं ऑइल धरणं सोपं. जुन्या जावा-येझदीचा क्लचही डावीकडे. मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी या गाड्या जपणारी मंडळी कोकणात अजून आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख. अॅक्टिव्हासारख्या गिअर नसलेल्या स्कूटरच्या डाव्या कव्हरात पट्टा असतो. तो भाग कोरडाच असतो, तेव्हा ते कव्हर उघडताना ऑइलची चिंता करू नये. आणि रेडिएटर असलेल्या गाड्यांपैकी काहींत पाण्याचा पंप क्लचच्याच कव्हराला जोडलेला असतो. तिथे ऑइल वाचलं तरी कूलंट येणारच, ते आधी काढून घ्यावं लागतं.

आता ऑइल वाचवायचं नाही, अशा वेळा सांगतो, कारण इथे लोक नको तो लोभ करतात. डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी शिरलं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पुरात बुडालेल्या गाडीचं ऑइल एक थेंबही ठेवण्यासारखं नसतं. तसंच, कव्हर फुटून गाडी चिखलात किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पडली असेल, तर त्या भोकातून आत काय काय गेलं असेल सांगता येत नाही. क्लच जळल्याचा वास येत असेल तर प्लेटांचा भुगा ऑइलात उतरलेला असतो. या तिन्ही वेळी मुकाट्याने ऑइल काढा. बोटावर घेतलेल्या ऑइलात उन्हात धरल्यावर धातूची चमक दिसली, तर नुसतं ऑइल बदलूनही भागणार नाही, गाडी मिस्त्रीकडे न्या.

सुट्या भागांची तयारी आधी करा. कव्हर उघडून ठेवायचं आणि मग रामआळीत पॅकिंग शोधत फिरायचं, असं करू नका. पावसात उघडं इंजिन दोन दिवस पडवीत ठेवणं परवडत नाही. नवीन कव्हर, कंपनीचं पॅकिंग, किकच्या शाफ्टचं ऑइल सील आणि कव्हरात बसणारे ओ-रिंग एवढं हाताशी हवं. पॅकिंग मागताना गाडीचं नाव सांगून भागत नाही, वर्षही सांगा. एकाच नावाच्या गाडीची इंजिनं मधल्या काळात बदललेली असतात. जमलं तर दुकानातच पॅकिंग नव्या कव्हरावर ठेवून सगळी भोकं जुळतात का ते पाहून घ्या. नव्या कव्हरात क्लचची दांडी, सीलं, टोपणं बसवलेली येतात की नाही हेही तिथेच विचारा. बऱ्याचदा नुसतं ओतीव कव्हर येतं आणि जुन्यातलं सगळं काढून त्यात बसवावं लागतं.

हत्यारं फार लागत नाहीत. कव्हरचे बोल्ट बहुतेक ६ मिलिमीटरचे, म्हणजे ८ नंबरच्या टी पान्याचे. किकच्या दांडीला आणि फूटरेस्टला मोठे पाने लागतील. रबरी किंवा लाकडी हातोडी, खरवडायला प्लास्टिकची पट्टी किंवा बांबूची चपटी कामटी, मोठी सुती फडकी, थोडं रॉकेल किंवा थिनर. गाडी टेकवायला एक जुना टायर आणि दोन-तीन गोणपाटं. आणि दुसरा माणूस. स्प्लेंडरसारखी हलकी गाडीसुद्धा शंभर किलोच्या वर भरते, पल्सर दीडशेच्या आसपास. एकट्याने आडवी करता येते, पण परत उचलताना कंबर धरते.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांची वेगळी अडचण असते. मिरकरवाडा, मांडवी, भाट्ये, काळबादेवी या भागातल्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या वाऱ्याने गंजून कव्हराला धरलेले असतात. लोखंडी बोल्ट आणि अॅल्युमिनियमचं कव्हर यांच्यात मीठ आणि ओल शिरली की पांढरा भुगा तयार होतो आणि आटे आवळून बसतात. आदल्या रात्रीच प्रत्येक बोल्टच्या डोक्याभोवती गंज सोडवणारं स्प्रेचं तेल मारून ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा हलका, सरळ ठोका द्या आणि मग पाना लावा. पाना फिरत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी एकदा थोडं आवळून पाहा आणि मग सोडा. किंचित हलला की सुटतो. डोकं एकदा गोल झालं की पुढचं काम लेथवाल्याचं.

गाडी आडवी करण्याआधी तिच्यातले बाकीचे द्रव आवरायचे असतात. ऑइल वाचवताना पेट्रोल सांडलं तर त्यात काय शहाणपण? टाकी निम्म्याहून कमी भरलेली असावी, जितकी रिकामी तितकं बरं. टाकीच्या झाकणाला हवेचं छिद्र असतं आणि जुन्या गाडीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, तिथून पेट्रोल झिरपतं. झाकणाखाली प्लास्टिकचा जाड तुकडा घालून झाकण लावलं तर हे थांबतं. काम झाल्यावर तो तुकडा आठवणीने काढायचा, नाहीतर टाकीत हवा न शिरल्याने गाडी थोडी चालून बंद पडेल. कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने एका बाटलीत काढून घ्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोलची वाफ साठवणारा कोळशाचा डबा असतो. भरल्या टाकीने गाडी आडवी ठेवली तर पेट्रोल त्या डब्यात उतरतं आणि मग गाडी अडखळत चालते. म्हणून या गाड्यांत टाकी रिकामी असणं आणखी महत्त्वाचं.

बॅटरी काढून बाजूला ठेवा. पाणी घालायची जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर हे टाळूच नका. आडव्या बॅटरीतलं आम्ल नळीवाटे बाहेर येतं आणि चेसिसचा रंग खातं, कपडे जाळतं, हाताला लागलं तर कातडीही. बंद बॅटरी सहसा गळत नाही, पण पाना चुकून टेकून ठिणगी पडायला नको. आजूबाजूला पेट्रोलचा वास असतो, म्हणून बिडी-सिगारेट आणि देवापुढचं निरांजन दोन्हींपासून लांब. डिस्क ब्रेकच्या गाडीत हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं असेल, तर गाडी आडवी करताना नळीत हवा शिरू शकते. आधी ते पातळीवर आणा.

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर गाडी स्टँडवर सरळ उभी राहिली की वर चढलेलं, प्लेटांत अडकलेलं ऑइल खाली उतरतं. गरम इंजिन बंद करून लगेच उघडलंत तर आडवी करूनही वाटीभर ऑइल कव्हराबरोबर येईल आणि सायलेन्सरचा चटका बसेल तो वेगळाच.

गाडी उभी असतानाच उजवीकडची अडगळ काढा. किकच्या दांडीची जागा शाफ्टवर खुणेने नोंदवा आणि ती काढा. ब्रेकचं पॅडल वाकलेलं असेल तर तेही आत्ताच काढून सरळ करायला टाका. वाकडं पॅडल तसंच ठेवून नवीन कव्हर बसवणारे लोक आहेत आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा त्याच दुकानात दिसतात. क्लचची वायर सैल करून कव्हरवरच्या दांडीतून सोडवा, फूटरेस्ट आडवा येत असेल तर काढा. मग कव्हराभोवतीचा तांबडा चिखल रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या, तोही नीट, सांध्यासांध्यातला. हे का, ते पुढे येईलच.

आता डावा आरसा काढा, साइड स्टँड आत घ्या, गाडी गिअरमध्ये ठेवा म्हणजे चाक फिरणार नाही. डावीकडे जमिनीवर टायर ठेवा, वर गोणपाट. हँडलचं टोक आणि टाकीच्या पुढची बाजू त्यावर टेकेल असा अंदाज घ्या. मागे डावीकडे आपल्याकडच्या गाड्यांना साडीगार्ड असतो. सगळं वजन त्याच्यावर गेलं तर तो वाकून चाकाला घासतो, म्हणून फूटरेस्टखाली एक लाकडी ठोकळा सरकवा. एकाने हँडल, दुसऱ्याने मागची सळई धरून सावकाश खाली टेकवायची. पूर्ण झोपवायची गरज नाही. कव्हरचा खालचा काठ आतल्या ऑइलच्या पातळीच्या वर गेला की झालं. नुसत्या साइड स्टँडवर गाडी जेवढी कलते, तेवढं कलणं मात्र बहुतेक गाड्यांत पुरत नाही.

आडवी झाल्यावर पाच मिनिटं हात लावू नका, नुसतं बघा. टाकीचं झाकण, कार्ब्युरेटर, डावीकडचं मॅग्नेट कव्हर, गिअरचा शाफ्ट. ऑइलचा सगळा भार आता डाव्या बाजूला आहे. तिकडचं सील कमजोर असेल तर आत्ताच कळेल आणि ते कळणंही फायद्याचंच.

बोल्ट सोडण्याआधी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून घ्या. जो बोल्ट जिथून निघेल तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचायचा. याचं कारण साधं आहे: सगळे बोल्ट एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो, आपल्याला आवळल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात कव्हर सैलच राहतं. अजून जोर लावला तर इंजिनाची मूळ पेटीच चिरते आणि मग कव्हरचा खर्च किरकोळ वाटायला लागतो. बोल्ट एका टोकाकडून सलग सोडू नका, समोरासमोरचे थोडे थोडे सोडा.

सगळे बोल्ट निघाले तरी कव्हर सुटत नाही, जुनं पॅकिंग धरून ठेवतं. इथे पेचकस घालून उचकटायचा मोह होतो. तो आवरा. पेचकसाने पडलेली एक खाच पुढे कायम गळते आणि कितीही मसाला लावला तरी भरत नाही. कव्हरच्या जाड भागावर रबरी हातोडीने चहूकडून टकटक करा, सुटेल. सरळ वर उचला.

गाडी आडवी ठेवण्याचा दुसरा फायदा इथे मिळतो आणि माझ्या मते तो ऑइल वाचण्याहून मोठा आहे. गाडी उभी असताना कव्हर ओढलं की किकच्या शाफ्टवरचे, गिअरच्या टोकाचे पातळ वॉशर ऑइलाने कव्हराला चिकटून येतात आणि खाली पडतात. कुठला कुठचा, कुणाच्या आधी कोण, हे मग कळत नाही. आडव्या गाडीत ते वजनाने आपापल्या शाफ्टवर बसून राहतात. क्लच दाबणारी दांडी, तिचं छोटं बेअरिंग, तेही जागेवर राहतं. तरीही कव्हर उलटं करून एखादा वॉशर चिकटून आला नाही ना ते बघा आणि मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवा.

पण या पद्धतीचा तोटाही इथेच आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. उभ्या गाडीतून वस्तू बाहेर पडतात, आडव्या गाडीत त्या आत पडतात. इंजिनाचं तोंड आता आकाशाकडे आहे. खरवडलेल्या पॅकिंगचे तुकडे, सांध्यातली तांबडी माती, वाऱ्याने आलेलं आंब्याचं पान, एखादा बोल्ट, काहीही थेट ऑइलात जाईल. म्हणूनच कव्हराभोवती आधी पुसायला सांगितलं. काम पडवीत किंवा छपराखाली करा, झाडाखाली नको. कव्हर निघताच क्लच आणि गिअरभोवतीच्या पोकळ्या मोठ्या फडक्यांनी झाका. चिंध्या वापरू नका, त्यांचे धागे आत राहतात. फडकी किती घातली ते मोजून ठेवा आणि तितकीच बाहेर काढा.

जुनं पॅकिंग रॉकेलने किंवा थिनरने भिजवून, कामटीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढायचं. घाई केली तर इथेच काम फसतं. दोन्ही काठ, इंजिनाचा आणि कव्हरचा, बोट फिरवल्यावर काचेसारखे लागले पाहिजेत. पॉलिश पेपर घासायचा तर फक्त सुट्या कव्हरवर. इंजिनाच्या काठावर घासला की त्याची भुकटी आत गेलीच म्हणून समजा. जुनंच कव्हर वेल्डिंग करून बसवणार असाल, तर ते जाड काचेवर उलटं ठेवून डुगडुगतंय का ते पाहा. अॅल्युमिनियम वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतं. डुगडुगत असेल तर काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर सपाट घासावं लागेल.

एवढं उघडलंच आहे तर ऑइलची जाळी आणि फिरतं फिल्टर त्याच बाजूला आहे का ते बघा. लहान इंजिनांत बऱ्याचदा असतं. पण जाळी तळाशी असेल आणि आडव्या गाडीतून ती काढताना गाळ आत सांडणार असेल, तर तिला पुढच्या ऑइल बदलापर्यंत राहू द्या.

नव्या कव्हरात सीलं बसवताना ती वाकडी जाऊ नयेत म्हणून त्याच मापाची पान्याची सॉकेट वर ठेवून हलके ठोका. सीलच्या ओठाला स्वच्छ ऑइल लावा. किकच्या शाफ्टला दाते असतात. त्यांच्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्यावरून सील सरकवलं तर ओठ फाटत नाही. काही इंजिनांत क्रँकला जाणारं ऑइल याच कव्हरातल्या वाटेने जातं. तिथलं छोटं सील, ओ-रिंग किंवा स्प्रिंग जुन्या कव्हरात विसरलात तर गाडी सुरू होईल, थोडे दिवस चालेलही, आणि मग क्रँकचं बेअरिंग जाईल. जुनं कव्हर फेकण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून एकेक भोक ताडून पाहा.

मसाला, म्हणजे अनाबाँडसारखं सीलंट, याबद्दल मिस्त्रीमंडळींत एकमत नाही. काही जण पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सढळ हाताने लावतात. माझं मत याच्या उलट आहे. काठ नीट असेल आणि पॅकिंग नवीन असेल तर मसाल्याची गरज नाही, पॅकिंगला ऑइलचं बोट फिरवलं की पुरे. आत दाबला गेलेला मसाला सुकून सुटतो, तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात किंवा वाटच बंद करतात. काठाला खाच असेल तर तेवढ्याच जागी, अगदी पातळ.

मार्गदर्शक नळ्या, म्हणजे दोन डॉवेल, जागेवर आहेत ना ते पाहा, पॅकिंग त्यांच्यावर बसवा, फडकी मोजून काढा आणि कव्हर सरळ खाली ठेवा. क्लचची दांडी थोडी फिरवत ठेवली की आतल्या भागात अडकते. कव्हर हाताच्या दाबाने काठापर्यंत बसलं पाहिजे. बसत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नका, आत काहीतरी आडवं आलं आहे. बोल्ट आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवा. मग समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत. या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच आवळ लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. टॉर्क पाना नसेल तर टी पाना मधोमध धरून मनगटाच्या जोराने आवळा, दांडीच्या टोकाला धरून अंगाचा जोर लावू नका. गॅरेजमध्ये आटे गेलेल्या गाड्या येतात त्या बहुधा सैल राहिल्याने येत नाहीत, जास्त आवळल्याने येतात. किनाऱ्यावरच्या मंडळींनी बोल्टच्या डोक्याखाली ग्रीसचं बोट लावावं, पुढच्या वेळी पाना सहज लागेल.

गाडी उचलताना एकाने उजवीकडे उभं राहायलाच हवं. सगळे डावीकडून जोर लावतात आणि गाडी सरळ होऊन पलीकडे, नव्या कव्हरवर पडते. उभी केल्यावर डबल स्टँडवर लावा आणि लगेच किक मारू नका. दहा-पंधरा मिनिटं ऑइल खाली उतरू द्या. मधल्या वेळात बॅटरी जोडा, टाकीच्या झाकणाखालचं प्लास्टिक काढा, क्लचची वायर लावून दांडीला थोडी ढील ठेवा, ब्रेक दाबून तो कडक लागतोय ना ते बघा. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. आडव्या गाडीतलं ऑइल श्वासनळीवाटे कधी कधी तिथे उतरतं.

मग ऑइलची पातळी. होंडा पद्धतीच्या इंजिनांत डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता, नुसती टेकवून पाहायची असते. काचेची खिडकी असेल तर गाडी सरळ उभी करून. सगळं नीट झालं असेल तर चमचा-दोन चमच्यांपेक्षा जास्त घट दिसणार नाही. भर घालायची तर तेच ऑइल, डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ लिहिलेलं. ‘एमबी’ लिहिलेलं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं. ते किंवा गाडीचं, म्हणजे चारचाकीचं, उरलेलं ऑइल ओतलं तर ऑइलात भिजणारा क्लच घसरायला लागतो आणि आंबा घाटात इंजिन नुसतं ओरडतं, गाडी चढत नाही. बीएस-६ गाडी आडवी झाल्यावर सुरू होत नसेल तर घाबरू नका, किल्ली बंद करून पुन्हा चालू करा. पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर तिच्यात असतो.

सुरुवातीला थोडा धूर येईल, सायलेन्सरवर सांडलेलं जळतं. तो थांबेपर्यंत गाडी उभ्यानेच चालू ठेवा. मग भाट्याचा पूल ओलांडून पावसपर्यंत जाऊन या. परत आल्यावर गाडी थंड होऊ द्या, कव्हराचा काठ कोरड्या बोटाने तपासा, खाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर गरम इंजिनावर बोल्ट आवळत बसू नका. पुन्हा उघडावं लागणार आहे आणि त्यासाठी नवीन पॅकिंगच हवं, एकदा दाबलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा भरवशाचं नसतं.

रस्त्यातच कव्हर फुटलं, लांजा-राजापूरकडून येताना आडगावी, तर चिरेवरचं ऑइल पेट्रोलच्या फडक्याने पूर्ण पुसून, कोरडं करून, एम-सील दाबून लावा आणि सुकायला वेळ द्या. ऑइलची पातळी बघून हळू चालवत गावापर्यंत येता येतं. तो लेप वर्षभर ठेवणारेही भेटतात. कव्हरच्या आत उष्णता असते, बाहेर पाऊस असतो, लेप कधीतरी सुटतो आणि सुटतो तेव्हा ऑइल मागच्या चाकावर जातं. घाटात मागचं चाक ऑइलात भिजणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

शेवटी, ऑइल काढावंच लागलं तर त्याचं काय करायचं? वापरलेलं ऑइल सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. आपल्याकडे कायद्यापेक्षा जवळचं कारण आहे. रत्नागिरीची जमीन जांभ्याची, सच्छिद्र. परसात ओतलेलं पाणी जसं दिसेनासं होतं तसंच ऑइलही होतं आणि विहीर त्याच परसात असते. काळं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात, पऱ्यात किंवा माडाच्या बुंध्याशी ते ओतू नका.